रामहरी काल येईल

दगडाबाई आमच्या बोळात राहायला आली ती एका हातगाड्यावर सगळा संसार घालून. पत्र्याची पेटी, दोन घागरी, एक स्टो आणि कांड्या भरायचा रहाट. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत. गाड्यामागून पुरुषमाणूस मात्र कुणी आलं नाही. बोळातल्या बायकांनी काही दिवस वाट पाहिली. नवरा पाळीवर असेल, गावी असेल, सामान लागल्यावर येईल. मग हळूहळू विचारायचं सोडून दिलं.

सोलापुरात बाळीवेशीच्या अलीकडं आमचा तो बोळ. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालक चनमल्लप्पा, आणि बोळ जिथं भिंतीला टेकून संपतो तिथं दगडाबाईची खोली. कारखान्यातून सुताच्या लडी आणायच्या, मागाच्या धोट्यात बसतात त्या कांड्यांवर ते सूत भरायचं आणि संध्याकाळी नेऊन द्यायचं, हे तिचं काम. दुपारी मुलं शाळेत आणि आमचे हे टेलिफोनच्या ऑफिसात गेले की बोळात दोनच आवाज उरत. गिरणीचा भोंगा आणि दगडाबाईचा रहाट. भोंगा वाजायचा आणि थांबायचा. रहाट थांबत नसे.

तिच्या नवऱ्याचं नाव रामहरी. हे मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्हालाही आमच्यासारखंच वाटेल, की बाई जरा वेडसरच असणार.

हा रामहरी गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, कुणी कामावर आलेलं नसेल तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरी परत. बासष्ट साली कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, की भिवंडीला यंत्रमागावर माणसं कमी पडतात. 'दिवाळीला येतो' म्हणून तो गेला. पहिल्या दिवाळीला कुणाबरोबर तरी निरोप आला. पुढच्या दिवाळीला निरोपही नाही. कुणी म्हणे, भिवंडी सोडून सुरतेला गेला. कुणी म्हणे, तिकडंच दुसरं बिऱ्हाड केलं. कुणी काहीच म्हणेना, नुसतं दुसरीकडं बघे. मूलबाळ नव्हतं. सासू होती, ती वारली, आणि ती वारल्यावर दगडाबाईनं जुनी खोली सोडून आमच्या बोळातली घेतली.

सासू वारली तेव्हा आणखी एक गोष्ट संपली. 'रामहरी' म्हणणारं तोंड तेवढं एकच होतं. दगडाबाई स्वतः नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. तिच्या वयाची कोण घेते? ती 'घरातले' म्हणायची. दीर 'दादा' म्हणायचा. गिरणीतले सोबती 'बार्शीकर' म्हणत. उखाण्यात नाव घेता येतं, पण ज्या बाईचा नवरा परतलेला नाही तिला हळदीकुंकवात 'नाव घे' म्हणून आग्रह कोण करणार? तिच्यापुढं तबक जरा घाईनंच पुढं सरकायचं. मी कितीदा पाहिलंय ते.

दीर म्हणजे महिपती. बार्शीकडच्या गावाहून सुगीनंतर एकदा यायचा, जोंधळ्याचं पोतं टाकायचा, चहा घेऊन परत जायचा. माणूस वाईट नव्हता. आवाज मोठा होता, त्यामुळं त्याचं बोलणं सगळ्या बोळाला कळे. मी सांगते त्या हिवाळ्यात, चौऱ्याहत्तरच्या अखेरीला, तो अवेळीच आला.

'वैनी, बारा वर्सं भरली,' तो म्हणाला. 'भटजी म्हंतोय, दादाचं काय केलं न्हाय म्हणून माज्या पोरीचं लगीन अडतंय. पौषातल्या अवसेला पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा. तुमी आदल्या दिवशी गावाकडं चला. पुढचं मग... बायका सांगतील तुमाला.'

पुढचं म्हणजे काय ते जिन्यात उभी असलेल्या मलाही कळलं. कुंकू, पोत आणि हातातला हिरवा चुडा.

दगडाबाईनं त्याच्या हातात चहाची कपबशी दिली. महिपती गेला आणि रहाट सुरू झाला.

त्याच सुमारास बसवराज पुण्याहून आला. चनमल्लप्पांचा धाकटा मुलगा. मानसशास्त्रात संशोधन करत होता. जिना चढून आला, पाटावर बसला आणि म्हणाला, 'वहिनी, मला वाक्यं तपासायची आहेत.'

'शुद्धलेखन का?'

'नाही ओ. वाक्य ऐकल्यावर त्याला अर्थ आहे का नाही, हे माणूस कसं ठरवतं ते तपासायचंय. शाळा शिकलेली माणसं पुण्यात तपासून झाली. आता न शिकलेली पाहिजेत.'

खालून चनमल्लप्पांचा आवाज आला, 'माझ्या दुकानात बस की चार दिवस! बिनअर्थाची पाहिजे तेवढी वाक्यं गिऱ्हाईक ऐकवतं.'

'अप्पा, तुम्ही गप बसा ओ.'

बोळातल्या बायका तरुण मुलासमोर मोकळं बोलणार नाहीत, आणि घरात कानडी बोलणाऱ्या बसवराजला आपल्या मराठीची खात्री नव्हती. मी बार्शीच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालेली. तेव्हा वाक्यं मी वाचायची, तो कोपऱ्यात बसून टिपणार, असं ठरलं. जागा आमची बाहेरची खोली, वेळ दुपारची, उष्टीखरकटी आवरल्यावरची.

रीत त्यानं साधी बसवली होती. पुढ्यात दोन वाट्या, एक पितळेची, एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. मूठभर चिंचोके. मी वाक्य वाचायचं, चेहरा कोरा ठेवून, आवाज सपाट ठेवून. बाईनं तेच वाक्य आपल्या तोंडानं परत म्हणायचं, म्हणजे नीट ऐकलं हे कळेल. मग अर्थ लागत असेल तर चिंचोका पितळेच्या वाटीत, लागत नसेल तर जर्मनच्या. ऐकू आलं नाही असं म्हणाली तर वाक्य परत वाचायचं.

वाक्यं मात्र मजेशीर. 'रामहरीनं आंबा खाल्ला' आणि लगेच 'आंब्यानं रामहरीला खाल्लं'. 'रामहरी घरी आला', 'रामहरी काल येईल'. एखाददुसरं सोडलं तर जिकडंतिकडं हाच रामहरी.

'अरे, दुसरं नाव नाही का सुचलं?' मी विचारलं.

'मुद्दाम एकच ठेवलंय. नावं बदलली की माणसाचं लक्ष नावाकडं जातं ओ वहिनी. नावाकडं लक्ष जाता कामा नये.'

पहिल्या दुपारी बोळातली रंभाबाई आली, मल्लव्वा आली, आणि त्या दोघींची वाक्यं संपल्यावर हाताला सुताची तूस लागलेली दगडाबाई. एकेकीला घ्यायचं ठरलं होतं; पण बाकीच्या उंबऱ्यात बसल्या, त्यांना काय कान नव्हते? दगडाबाईची पाळी आली. पहिलंच वाक्य मी वाचलं, 'दगडाला भूक लागली.'

उंबऱ्यात रंभाबाई फिसकन हसली. 'हिलाच इचारा की! दगड म्हंजे हीच!'

दगडाबाईनं चिंचोका उचलून पितळेच्या वाटीत टाकला. 'लागली की. सकाळी कोरभर भाकरी खाल्ली त्येवडीच.'

मल्लव्वा पदर तोंडात घालून हसायला लागली. मीही हसले, कोरा चेहरा कुठला राहायला! बसवराजनं मान खाजवली आणि ते वाक्य खोडलं. मी उठून दगडाबाईला भाकरी आणि शेंगांची चटणी दिली. 'आधी खा, मग पुढचं.' तिनं खाल्लं, हात धुतले, पदराला पुसले आणि खुशीत बसली. त्या बाईला मी इतकी हसरी आधी पाहिली नव्हती.

मग मी वाचलं, 'रामहरीनं आंबा खाल्ला.'

तिचा हात चिंचोक्यांवर होता, तो तिथंच राहिला.

'म्हणा, दगडाबाई.'

'काय?'

'मी म्हटलं ते. रामहरीनं आंबा खाल्ला.'

'ऐकू न्हाय आलं. परत म्हणा.'

मी परत वाचलं.

'जरा मोट्यानं.'

मी मोठ्यानं वाचलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या तोंडात काहीतरी आहे आणि ते खाली पडेल की काय, अशी. मला वाटलं, रहाटाच्या आवाजानं कान गेले असावेत. पण तिसऱ्या गल्लीतल्या मेथीवालीची हाक हीच बाई सगळ्यात आधी ऐकायची.

'तुमीच म्हणा वहिनी,' ती शेवटी म्हणाली. 'मी नुस्ता चिंचोका टाकते.'

बसवराजनं मान डोलवली. चालेल.

आंबा पितळेच्या वाटीत गेला. आंब्यानं रामहरीला खाल्लं, तो जर्मनच्या. ठीक चाललं होतं. मग आलं, 'रामहरी घरी आला.' हे वाक्य बसवराजनं मुद्दाम घातलं होतं. हे कुणाचंच चुकत नाही. ज्याचं चुकलं त्याला सगळा प्रकारच समजलेला नाही असं धरायचं.

दगडाबाईनं ते तीनदा वाचून घेतलं. आणि चिंचोका जर्मनच्या वाटीत टाकला.

बसवराज कोपऱ्यातून पुढं सरकला. 'मावशी, नीट ऐका. यात काय चुकलंय?'

'आला न्हाय की.'

'खरं-खोटं नाही ओ विचारत मी. वाक्याचा अर्थ लागतो का?'

'जे झालंच न्हाय त्येचा अर्थ कुटनं लागायचा?'

'बरं. राहू दे. वहिनी, पुढचं.'

पुढचं होतं, 'रामहरी काल येईल.' मल्लव्वा या वाक्याला इतकी हसली होती, की चिंचोका टाकायचाच विसरली. दगडाबाई हसली नाही. तिनं जरासा विचार केला आणि चिंचोका पितळेच्या वाटीत ठेवला. टाकला नाही, ठेवला.

'काल येईल?' बसवराज म्हणाला. 'मावशी, काल म्हणजे होऊन गेला ना दिवस?'

'व्हय. परवा दिवशी मी म्हंत होते, उद्या येईल. त्यो उद्या म्हंजे कालच की. बरुबर हाय वाक्य.'

शेवटी दोनच शब्दांचं एक होतं. 'रामहरी गेला.'

'कुटं?' तिनं विचारलं.

'पुढं काही लिहिलेलं नाही.'

'मग अर्दंच हाय.' चिंचोका मुठीत तसाच ठेवून ती उठली. बसवराजनं हाक मारली, 'मावशी, कुठल्या वाटीत?' पण ती जिना उतरूनही गेली होती.

'हिचं धरता येणार नाही, वहिनी,' तो म्हणाला. 'साधं वाक्य चूक म्हणते, आणि चुकीचं बरोबर.'

दुसऱ्या दुपारी तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, तरी ती आली. उंबऱ्याच्या कडेला बसली. मल्लव्वाची जाऊ होती, कोपऱ्यावरच्या मागवाल्यांची तेलुगू सून होती, त्यांना मी वाचून दाखवत होते, आणि त्या एकेक वाक्य परत म्हणत होत्या. रामहरीनं बैल विकला. रामहरीला ताप आला. रामहरी झाडावर बसला. ती सून मराठीत अडखळे, 'रामरी' म्हणे, तेव्हा दगडाबाई हळूच म्हणायची, 'नीट म्हण गं. वहिनी म्हंत्यात तसं.' मला वाटे, हिला माझं वाचणं आवडतंय. बायका निघाल्या की तीही निघे. पण तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांआधी येऊन बसली होती, आणि तिचा रहाट भर दुपारी गप्प होता. हे मात्र मी मनात टिपून ठेवलं. दुपारभर रहाट बंद ठेवला म्हणजे कांड्या कमी भरणार, आणि कांड्या कमी भरल्या की कारखानदार बोलणार. हे सगळं कशासाठी? कुणाच्या तरी आंब्यासाठी आणि बैलासाठी?

उत्तर रंभाबाईनं आणलं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सणाला ती माहेरी गेली होती, बार्शीकडंच. शेतातलं आंबील पिऊन, पाव्हण्यारावळ्यांच्या चौकश्या करून परत आली ती थेट नळावर माझ्याजवळ.

'वहिनी, चांगलं नाव हुडकलंसा की तुमी!'

'कुठलं नाव?'

'अवो, दगडाबाईच्या मालकाचंच नाव हाय त्ये! रामहरी! तिच्या सासरचं मानूस भेटलं मला. ती कशी घेईल वो तोंडानं? आनि तुमी तिला रोज म्हंतायसा, म्हण गं, म्हण गं!'

हंडा भरून वाहायला लागला होता. मी नळ बंद केला.

'रामहरी घरी आला.' 'आला न्हाय की.'

बसवराजला सांगितलं तेव्हा तो आधी ओशाळला आणि मग त्याचा चेहरा उजळला. 'म्हणजे मावशीचं डोकं अगदी ठीक आहे! नावानं घोटाळा केला. मी म्हटलं नव्हतं, लक्ष नावाकडं जातं म्हणून? बिचारीला किती अवघडल्यासारखं झालं असेल.' रात्री बसून त्यानं सगळी वाक्यं नव्यानं लिहिली. रामहरीच्या जागी ज्ञानबा. मुलगा मनाचा चांगला होता. तिची अडचण दूर करायची एवढंच त्याच्या मनात होतं, आणि माझ्याही.

दगडाबाईला पुन्हा बोलावलं. ती आली, नेहमीच्या जागी बसली, माझ्या तोंडाकडं बघू लागली.

'ज्ञानबानं आंबा खाल्ला.'

ती क्षणभर थांबली. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, 'ज्ञानबानं आंबा खाल्ला,' आणि चिंचोका पितळेच्या वाटीत.

'आंब्यानं ज्ञानबाला खाल्लं.' जर्मनच्या.

'ज्ञानबा घरी आला.'

'ज्ञानबा घरी आला.' पितळेच्या.

'ज्ञानबा काल येईल.'

'काल कसा येईल? येडं वाक्य हाय.' जर्मनच्या.

सगळं भराभर, कांड्या भरल्यासारखं. एकही चूक नाही. बसवराज पेन्सिल ठेवून म्हणाला, 'मावशी, शंभर टक्के! पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांचंसुद्धा एवढं बरोबर नव्हतं.'

दगडाबाई वाट्यांकडं बघत होती. 'त्ये आदीचं कुटं गेलं?'

'आधीचं कुठलं?'

'ज्ञानबाच्या आदीचं. त्ये...' ती अडली. तिला ते नाव न घेता विचारायचं होतं, आणि तसं विचारायला शब्द नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

बसवराजच उत्साहानं म्हणाला, 'ते काढून टाकलं मावशी. सगळीकडनं खोडलं. आता नाही यायचं ते.'

'बरं,' ती म्हणाली. दोन्ही वाट्यांतले चिंचोके तिनं ओंजळीत घेऊन डब्यात परत ओतले, डब्याचं झाकण लावलं आणि गेली. त्यानंतर ती उंबऱ्यात येऊन बसली नाही. दुपारचा रहाट पुन्हा सुरू झाला. बसवराजही संक्रांत करून पुण्याला गेला. चनमल्लप्पा म्हणाले, 'संपली एकदाची वाक्यं!' आणि माझ्याकडं त्या दोन वाट्या राहिल्या, एकीत मी मुलांना दही द्यायला लागले.

पण दुपारी रहाट ऐकताना मला ते आठवत राही. ऐकू न्हाय आलं, परत म्हणा. जरा मोट्यानं. मी समजत होते, आम्ही तिची सुटका केली. आणि त्या बाईला सासू वारल्यापासून पहिल्यांदा ते नाव कानावर पडत होतं. नवरा आंबा खात होता, बैल विकत होता, तापानं फणफणत होता, झाडावर चढत होता. रोज दुपारी, मोठ्यानं, चारचौघींत. आणि महिपती न्यायला यायचा दिवस जवळ येत होता. त्यानंतर ते नाव कुणी घेतलंच तर 'कैलासवासी' लावून घेणार.

पौषी अमावास्येच्या दोन दिवस आधी रहाट बंद पडला. मी तासभर वाट पाहिली. मग चार वांगी पदरात घेतली, बोळ ओलांडून गेले. दार उघडंच होतं. पेटी बांधून ठेवलेली, दगडाबाई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर हात, हातात चुडा. खोलीत एक माणूस बसेल एवढीच जागा रहाटानं ठेवली होती. मी उंबऱ्यावर टेकले. आमच्या जागा उलट झाल्या होत्या.

'वांगी आणलीत. ताजी आहेत.'

'ठेवा तितं.'

 सांत्वन तिला नको होतं, आणि कशाचं करणार? माणूस मेला असता तर रडता आलं असतं. मी वांग्याचं देठ नखानं खुडत बसले, आणि मग जसं कुणाही शेजारणीला विचारावं तसं विचारलं,

'रामहरींना वांगं आवडायचं का हो?'

तिनं मान अशी झटकन वर केली, की मीच मागं वळून दाराकडं पाहिलं, कुणी आलं की काय म्हणून. बोळात कुणी नव्हतं. दगडाबाई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ही आता 'परत म्हणा' म्हणणार. म्हणायला मी तयार होते.

पण ती म्हणाली, 'चुकलं तुमचं वाक्य, वहिनी.'

'काय चुकलं?'

'आवडायचं न्हवं. आवडतं म्हणा.'

मी म्हटलं, 'रामहरींना वांगं आवडतं का?'

'लई. देठासकट खात्यात. देठ चोखून चोखून ताटाच्या कडंला वळीनं मांडून ठेवत्यात. सासूबाई म्हणायच्या, काय रं रामह...' ती थांबली. सासूच्या तोंडचं वाक्य म्हणूनसुद्धा ते नाव तिच्या ओठांतून पुरतं बाहेर पडेना. ती हसली. 'तुमी म्हणा.'

'काय रं रामहरी,' मी म्हटलं.

'काय रं, कवड्या खेळायच्यात का देठांच्या! आसं म्हणायच्या.' आणि मग ती बोलायला लागली. बेडकाला भ्यायचा म्हणाली, एवढा बापया! मग स्वतःच जीभ चावली. 'भेत्यात. बेडकाला भेत्यात.' पावसाळ्यात नळावर तिलाच आधी पाठवायचा. गिरणीतून काम न मिळता परत आला, की घरात शिरताना जोरात खाकरायचा, म्हणजे हिनं चेहरा सारखा करून ठेवावा. जिथं वाक्याला नाव लागे तिथं ती थांबे, मी नाव घाली, आणि वाक्य पुढं जाई. वांगी चिरायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

'चला वैनी, यष्टी चुकंल.'

'बसा. च्या ठेवते.'

'च्या वाटंत पिऊ. चला.'

'मी न्हाय येत, भावजी.'

महिपतीचा मोठा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. 'वैनी, किती दिस आसं? समद्यांस्नी ठावं हाय. दादा गेला.'

'व्हय,' दगडाबाई म्हणाली. 'भिवंडीला गेला.'

 महिपती दोन पावलं बोळात आला, परत दाराशी गेला. 'बारा वर्सं झाली!'

'झाली की.'

'मग मी अग्नी कुणाला देऊ?'

'पळसाच्या पानांला द्या. तुमच्या पोरीचं भलं होऊ दे, माजं काय म्हननं न्हाय. पन माजी पोत हितंच ऱ्हाईल.'

चहा न घेताच तो गेला. गावाकडं त्यानं पुतळा केला, अग्नी दिला, पोरीचं लग्नही पुढच्या वर्षी झालं, असं रंभाबाईकडून कळलं. लग्नाचं बोलावणं दगडाबाईला आलं नाही. जोंधळ्याचं पोतं यायचं बंद झालं. गावाच्या लेखी रामहरी वारला होता आणि त्याची बायको कुंकू लावून सोलापुरात बसली होती. अशा बाईशी कुणी काय नातं ठेवावं? बोळातही बातमी पोचलीच. हळदीकुंकवाचं तबक आधी तिच्यापुढं घाईनं सरकायचं, आता ते तिच्या दाराशी जाईनासंच झालं. मल्लव्वा तिच्याशी बोलायची, पण सणावारी नाही. माझ्या घरी मी तिला बोलवत असे. ती येई, कुंकू लावून घेई, आणि बाकीच्या यायच्या आत निघून जाई. कारखाना, रहाट आणि ती खोली. त्यापलीकडं तिला कुणी उरलं नाही.

दुपारी माझं आवरलं की मी कधीमधी तिच्या उंबऱ्यावर जाऊन टेकते. रहाट चालूच असतो.  मग ती सुतावरची नजर न काढता म्हणते, 'म्हणा की वहिनी.'

बसवराजची वाक्यं कधीच संपली. आता मलाच जुळवावी लागतात. काल मी म्हटलं, 'रामहरी चहा पितो.'

रहाट हळू झाला.

'साखर लई लागते त्येनला,' दगडाबाई म्हणाली.